आम्ही

सकाळी आठला हजेरी होते.
घेणारा मी, देणारा मी.
सांगे तालुका, नेत्रावळीच्या वाटेवरचं हे आउटपोस्ट,
मंजूर पदं अकरा, भरलेली सहा.
सहांतला एक मडगावच्या कोर्टात साक्षीला,
दोघं पणजीला, सिनेमाच्या महोत्सवात दोऱ्या धरून उभे,
शेवंतीला मुलगी झाली, ती रजेवर,
आणि रोहिदास गेली चार वर्षं मोठ्या साहेबांची गाडी चालवतो,
पगार मात्र आमच्या वहीतून.
उरतो तो सोयरू वेळीप, हवालदार.
हजर, म्हणतो मी,
आणि शाई वाळेपर्यंत थांबतो.

फळ्यावर मिलाग्रीसचं नाव अजून आहे.
दोन वर्षं झाली त्याला निवृत्त होऊन.
पुसलं तर जागा रिकामी दिसेल, म्हणून ठेवलंय.
तो अधूनमधून येतो, काजूच्या दिवसांत नीरो घेऊन,
आपल्या खुर्चीत बसतो, वायरलेसच्या खरखरीवर खेकसतो,
आणि जाताना सवयीने
माझी परवानगी मागतो.

फोन रात्रीचे येतात.
दोन भाऊ, काजूच्या बागेची मेर, एकाच्या हातात कोयता.
किंवा गवा रस्त्यात, पुढे आडवी मोटारसायकल,
मोटारसायकलखाली पोदेर, आणि पाव सगळीकडे.
लवकर माणसं पाठवा.
आम्ही निघालो, सांगतो मी.
आम्ही म्हणजे मी, बॅटरी आणि दंडुका.
बाहेरून कडी घालतो,
आतला दिवा तसाच ठेवतो.
लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी आहे.

भरती निघाली तेव्हा मला मापपट्टीवर बसवलं.
त्या दिवशी इथे कुलूप.
चाळीस जागा, बाराशे पोरं.
कितीतरी चेहरे ओळखीचे. खाण चालायची तेव्हा
यांचे बाप मातीचे ट्रक हाकायचे.
आता ट्रक परसात, टायरांतून घाणेरी वर आलेली.
काही पोरं अनवाणी धावली,
नवे बूट कुंपणाला टांगून,
झिजू नयेत म्हणून.

रिवणची तन्वेशा गावकर धावण्यात पहिली.
मापाला उभी राहिली तर अंबाडा उंच,
आईने मुद्दाम बांधलेला.
केस सोड, म्हटलं.
तिने एकेक आकडा काढला, दातांत धरला.
शेवटचा निघाला
आणि पट्टीवरचा आकडा उतरला.
अर्धा सेंटीमीटर कमी.
परत मोजा, म्हणाली. मोजलं.
पट्टी तीच, टाळूही तीच.
पाच माणसं कमी असलेल्या माणसाने
अर्धा सेंटीमीटर कमी, असं लिहिलं
आणि खाली सही केली. सुवाच्य.

परवा ती इथे आली. चारित्र्याचा दाखला हवा होता,
वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागतेय.
मला ओळखलं की नाही, कळलं नाही.
मीही विचारलं नाही.
सदर मुलीविरुद्ध कोणतीही नोंद, इथपर्यंत लिहिलं
आणि फोन वाजला.
साळावलीच्या धरणाशी काठावर चपला,
माणूस दिसत नाही.

टोपी घातली. कडी घालायला वळलो, तर ती बाकावरच.
राहू दे, म्हणाली, मी आहे.
दाखला पुरा व्हायचाय ना.

मोटारसायकल सुरू होईना.
तिसऱ्या किकला धुगधुगली,
तेवढ्यात आत फोन पुन्हा वाजला,
दोनदाच वाजला,
आणि उघड्या दारातून तिचा आवाज, जरा ताठ,
कोणी शिकवलेला नसताना:

हो, आम्ही निघालोय.